तुम्ही विचारलंत म्हणून: डेटाबेसचा मालक एसए का नको?

नव्या ठिकाणी एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) तपासायला बसलो की चहा यायच्या आत कोणीतरी विचारतंच, "सगळ्या डेटाबेसचा मालक आम्ही एसए ठेवलाय. तो बदला म्हणून का मागे लागता? एसए काही राजीनामा देऊन जात नाही!"

एसए म्हणजे सर्व्हरवर मुळातच असलेलं, सगळे अधिकार असलेलं खातं. प्रश्न चुकीचा नाही. जो डेटाबेस तयार करतो तोच त्याचा मालक होतो. एखाद्या डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) स्वतःच्या विंडोज लॉगिनने तो उभा केला, पुढे तो नोकरी सोडून गेला, खातं पुसलं गेलं, की एके दिवशी एरर १५५१७ समोर येते: डीबीओ (मालकाचं डेटाबेसच्या आतलं नाव) म्हणून काही चालवता येत नाही. हा ताप नको म्हणून लोकांनी एसए धरला.

पण मालक वेगळा आणि डीबी_ओनर वेगळा. सातबाऱ्यावर नाव एकाचंच, तसा मालक एकच. आत तो डीबीओ म्हणून वावरतो. डीबी_ओनर हा नुसता रोल, म्हणजे त्या डेटाबेसमधले सगळे अधिकार देणारा गट, त्यात कितीही माणसं. डेव्हलपरची कटकट थांबावी म्हणून तो प्रसादासारखा वाटला जातो. आता गंमत बघा: त्या रोलमधला कोणीही 'एक्झिक्यूट ॲज युजर' ही कमांड देऊन डीबीओचं सोंग घेऊ शकतो. एरवी ते सोंग डेटाबेसच्या उंबऱ्यापर्यंतच चालतं. बाहेर सर्व्हर त्याला विचारत नाही.

हा उंबरा काढून टाकणारी सेटिंग म्हणजे ट्रस्टवर्दी. नव्या डेटाबेसमध्ये ती बंद असते आणि चालू करायला सिसॲडमिनच (अख्ख्या सर्व्हरवर सगळे अधिकार असलेला) लागतो. डेव्हलपर ती चालू करूच शकत नाही. करतो आपणच, कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या कागदात लिहिलंय म्हणून. ती चालू, मालक एसए आणि हातात डीबी_ओनर, हे तिन्ही जुळलं की डीबीओचं सोंग सर्व्हरभर एसए म्हणून खपतं. दोन ओळींत माणूस स्वतःला सिसॲडमिन करून घेतो. पासवर्ड फोडावा लागत नाही. "एसए आम्ही डिसेबल केलाय" या उत्तराचाही उपयोग नाही, कारण लॉगिन कोणी करतच नाहीये.

एका कारखान्यात हजेरीचा डेटाबेस असाच होता आणि त्याच सर्व्हरवर पगाराचा. हजेरी बघणाऱ्या मुलाच्या लॉगिनने मी त्याच्यासमोरच पगाराचं टेबल उघडून दाखवलं. साहेबांपेक्षा तोच जास्त घाबरला.

मी करतो ते एवढंच: प्रत्येक डेटाबेसला वेगळं लॉगिन, सर्व्हरवर शून्य अधिकार, वर डिसेबल केलेलं. 'ऑल्टर ऑथरायझेशन'ने मालकी त्याच्या नावावर. ट्रस्टवर्दी चालू असताना दोन डेटाबेसना एकच मालक दिलात तर एकातून दुसऱ्यात शिरायची वाट राहते, म्हणून वेगळं. एखाद्या प्रोसिजरला (डेटाबेसमध्ये साठवलेल्या कोडला) खरंच बाहेरचे अधिकार हवे असतील तर तिच्यावर डिजिटल सर्टिफिकेटची सही करा. पहिल्या वेळी डोकं उठतं, मान्य.

सिस.डेटाबेसेसमध्ये (सर्व्हरवरच्या डेटाबेसच्या यादीत) ट्रस्टवर्दी कुठे चालू आहे ते बघा. एमएसडीबी (सर्व्हरचा स्वतःच्या कामाचा डेटाबेस) दिसेल, तिथे ती मुळातच चालू असते, म्हणून तिथे डीबी_ओनर कोणालाही देऊ नका. आणखी एखादं नाव दिसलं तर कोणी आणि कशासाठी चालू केली ते विचारा. मला आजवर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालंय: "आमच्या आधीपासून आहे."