आठवड्याची नोंद : एक फसलेला हेरपट, मुंबईतली तीन लक्ष्ये आणि जतचे मामा

या आठवड्यात हेरगिरी सोडून दुसरे काही पाहायचे वा खेळायचे नाही असे ठरवून सोमवारी रात्री सांगलीतल्या आमच्या घरी 'क्वांटम ऑफ सोलेस' हा जेम्स बाँडचा चित्रपट लावला. 2008 साली तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि निम्मा चित्रपट न कळल्याचे खापर मी स्वतःच्या इंग्रजीवर फोडले होते. या वेळी सबटायटल होती, पडदा मोठा होता आणि रिमोट माझ्याच हातात होता, तरीही तीच गत झाली; तेव्हा दोष इंग्रजीचा नव्हता, एवढे सोळा-सतरा वर्षांनी का होईना नक्की झाले.

सुरुवातीचा मोटारींचा पाठलाग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. बाँडच्या गाडीचे दार उखडते, पण ते नेमके कशाने आणि कोणत्या वळणावर, हे पहिल्या खेपेला समजतच नाही, कारण डोळा एका चौकटीवर स्थिरावतो न स्थिरावतो तोच दुसरी येऊन आदळते. खंबाटकी घाटात एसटीच्या खिडकीशी पेंगत बसलेल्या माणसालाही कोणती गाडी पुढे आहे आणि कोणती मागे हे कळते. इथे कोट्यवधी रुपये खर्चून नेमके तेवढेच कळू दिलेले नाही. पुढे इटलीतल्या सिएनाच्या छतांवरच्या पळापळीत घोड्यांची शर्यत मधेमधे कापून घातली आहे, तिथेही हाच प्रकार.

याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप 5 नोव्हेंबर 2007 रोजी सुरू झाला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. चित्रीकरण जानेवारीत सुरू झाले तेव्हा पटकथा पुरती बांधलेली नव्हती आणि काही प्रसंग आपण व दिग्दर्शकानेच जमेल तसे लिहून काढले, असे बाँड झालेल्या डॅनियल क्रेगने नंतर सांगितले आहे. (5 नोव्हेंबर हा आपला मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांच्या गावात राहणाऱ्याला हा योगायोग टोचल्याशिवाय राहत नाही.) आधीचा बाँडपट 'कसिनो रोयाल' 144 मिनिटांचा होता आणि हा 106 मिनिटांत आटोपतो, तरी लांब वाटतो तो हाच.

एक प्रसंग मात्र निर्विवाद उत्तम आहे. ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझच्या सरोवरावरल्या रंगमंचावर 'टोस्का' हा ऑपेरा चालू असताना खलनायकाची मंडळी प्रेक्षकांत विखरून बसून कानातल्या यंत्रांवरून आपली बैठक चालवतात. बाँड तसलेच एक यंत्र मिळवून मध्येच बोलतो, तेव्हा बिथरलेले सदस्य एकेक करून उठून निघू लागतात आणि तो वरून त्यांची छायाचित्रे घेतो. त्यांच्यातला मिस्टर व्हाइट तेवढा जागचा हलत नाही, म्हणून सापडतही नाही. कोण कुठे बसले आहे, कोण उठले, कोण थांबले, हे सारे आपल्याला दिसते. हेरपटाकडून माझे मागणे एवढेच असते. दुर्दैवाने पाच-सात मिनिटांत गोळीबार सुरू होतो.

जतचे मामा दवाखान्याच्या कामासाठी आमच्याकडे मुक्कामाला होते. तोवर ते भडंग खात स्वस्थ बसले होते, पण खलनायकाला तेल नको असून बोलिव्हियाचे पाणी हवे आहे, त्याने जमिनीखाली बांध घालून ते अडवले आहे आणि तेच तो सरकारला दुप्पट भावाने विकणार आहे, हे कळताच ते सावरून बसले. कोरड्या पडलेल्या टाकीभोवती गावकरी उभे आहेत असे एक दृश्य येते. "अरे, ह्यांच्याकडं टँकर येत नाही का?" मामांनी विचारले. मी उत्तर देईपर्यंत दृश्य संपले होते.

माझा खरा राग इथेच आहे. 2000 साली बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, म्हणजे कल्पनेला वास्तवाचा पाया होता. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी ज्यांनी पाहिली, त्यांना पाणी ताब्यात ठेवणारा माणूस केवढा मोठा खलनायक होऊ शकतो हे समजावून सांगावे लागत नाही. बाँडपटांतली ही बहुधा सर्वांत खरी धमकी असावी आणि ती दोन-चार दृश्यांत उडवून लावली आहे.

मंगळवारपासून 'हिटमॅन 2' या व्हिडिओ गेममधल्या मुंबईकडे वळलो; त्यात आपण वेश बदलून लक्ष्ये टिपणारा भाडोत्री मारेकरी असतो. मागच्या नोंदीत मास्टरी, म्हणजे या ठिकाणची माझी प्रावीण्याची पातळी, 11 वर होती, ती आता 16 वर आली आहे. या मोहिमेत लक्ष्ये 3 असून त्यांपैकी मेलस्ट्रॉमचा चेहरा सुरुवातीला आपल्याला ठाऊकच नसतो, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसता गल्ल्यांतून फिरण्यात जातो. ज्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो ते आपला वेश ओळखू शकतात, म्हणून त्यांच्या फेऱ्या मी वहीत लिहून काढल्या. कोण कुठून वळतो आणि पाठ किती वेळ फिरवून उभा राहतो याची दोन पाने भरली आहेत. बुधवारी न्हाव्याच्या वेशात मेलस्ट्रॉमची दाढी करायला उभा राहिलो आणि काम झाले. उरलेल्या दोघांच्या मागावर काश्मिरी नावाचा दुसरा मारेकरीही असतो. त्याच्या नेमाच्या रेषेत लक्ष्य येईल अशी व्यवस्था केली की गोळी तो झाडतो आणि आपले हात कोरडे राहतात. ही युक्ती जमली तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

कुणाच्या नजरेत न येता फक्त लक्ष्येच टिपल्यावर मिळणारा 'सायलेंट असॅसिन' हा दर्जा मात्र हुकला. गुरुवारी शेवटच्या टप्प्यात असताना वीज गेली, यूपीएसने दोनदा टीं-टीं केले आणि संगणक बंद पडला. मागचे सेव्ह चाळीस मिनिटांपूर्वीचे निघाले.

शुक्रवार-शनिवारी 'स्लो हॉर्सेस' या ब्रिटिश हेरमालिकेच्या पहिल्या पर्वाचे 6 पैकी 3 भाग पाहिले. विमानतळावरच्या सरावात निळा शर्ट व पांढरा टी-शर्ट की पांढरा शर्ट व निळा टी-शर्ट, एवढ्या एका घोळावर नायकाची सारी कारकीर्द घसरते आणि तो घोळ आपल्याला नीट दाखवलेलाही असतो. त्यातल्या गॅरी ओल्डमन या नटाच्या मोज्यांना पडलेली भोकेसुद्धा स्वच्छ दिसतात. मामांनी दोन भाग न पेंगता पाहिले, तिसऱ्याला झोपले.

पुढच्या आठवड्यासाठी उरलेले 3 भाग आहेत आणि मुंबई 'सूट ओन्ली', म्हणजे वेश न बदलता मूळच्या सुटातच, करायची आहे, पण ती यूपीएसची बॅटरी बदलून झाल्यावरच.