फ्लिक-आँ-फ्लाकचा दीड दिवसाचा गणपती

मॉरिशसला नोकरीनिमित्त होतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला एका मराठी मंडळीच्या गणपतीला दरवर्षी जायचो. तिथे गणेशोत्सवाची सरकारी सुट्टी असते, पण ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनासाठी. म्हणजे थेट कोकणातला दीड दिवसाचा गणपती! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला भरून आलं होतं.

ही माणसं मुळात कोकणचीच. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत रत्नागिरीकडची माणसंही होती. पुढे कागदोपत्री पणजोबांचं नाव हेच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. मूळ गाव कोणतं, हे बहुतेकांना सांगता येत नाही.

विसर्जनाच्या आदल्या रात्री झाकरी व्हायची. आपला कोकणातला जाखडी नाचच तो. मधे मृदंग, भोवती फेर धरलेली पोरं. ही पोरं घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलणारी, पेपर फ्रेंचमधला वाचणारी. मराठी शाळेत शिकतात तेवढंच. पण आरतीला उभी राहिली की एक शब्द चुकायचा नाही, आणि झांजांचा ठेका असा की आपणही आपोआप टाळ्या वाजवू लागावं.

मग पंगत. केळीच्या पानावर भात, सात तऱ्हेच्या भाज्या आणि खीर. पंगतीला शेजारपाजारचे भोजपुरी, तमिळ, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल सगळे मांडीला मांडी लावून बसायचे. वाढणाऱ्यांतही ते असायचे. दुपारी मूर्ती घेऊन सगळेच फ्लिक-आँ-फ्लाकच्या समुद्राकडे निघायचे.

जगाचे नागरिक म्हटलं की आपल्याला परदेशात शिकलेले, देशोदेशी हिंडणारे लोक आठवतात. माझ्या मते तो मान आधी या मजुरांच्या नातवंडांचा आहे. त्यांच्या पूर्वजांना परतीची वाट फारशी उरली नव्हती. भोवती निम्म्या जगातून आणलेली माणसं. त्या सगळ्यांबरोबर त्यांनी एक देश उभा केला, १९६८ साली तो स्वतंत्र झालेला पाहिला, आणि तरीही गणपती सोडला नाही. मॉरिशसचे असणं आणि मराठी असणं यांत त्यांना निवड करावी लागली नाही. आपल्याकडे ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नावरून जे चालतं, ते पाहिलं की मला ती पंगत आठवते.

त्या मंडळीतल्या एका आजींनी मला एकदा अगदी मनापासून विचारलं होतं, “तुमच्याकडे मुंबईला पण करतात का गणपती?” मी म्हटलं, “करतात आजी, फार मोठा करतात.” त्यांना खूप बरं वाटलं. मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षी लवकर ये हो. मोदक करायला माणसं कमी पडतात.”