सांबा, तीन यंत्रं आणि एक ‘ऱ’

रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकाला (पुढे नुसता ‘पाय’) २ टीबीची डिस्क जोडून ठेवली होती, त्यापुढची ही नोंद. घरात बायकोचा विंडोज ११ प्रो, माझा उबंटू आणि लेकीच्या वाट्याला गेलेला माझा जुना मॅकबुक. तिघांनाही ‘घर’ नावाचं एकच फोल्डर दिसावं, एवढीच मागणी. दर वेळी पेन ड्राइव्ह कुणाच्या दप्तरात आहे ते शोधायचा कंटाळा आला होता.

शनिवारी सकाळी पायवर सांबा टाकला, म्हणजे एसएमबी या पद्धतीने नेटवर्कवरून इतर यंत्रांना फोल्डर दाखवणारं सॉफ्टवेअर. (सांबा लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने हे नाव शब्दकोशात शोधून काढलं: एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारा शब्द. खाण्याच्या सांबारशी संबंध नाही, पण आमच्याकडे त्याला सांबारच म्हणतात.) पहिली चूक नेहमीची. ‘घरातच तर आहे’ म्हणून पासवर्डशिवाय पाहुण्यांना प्रवेश ठेवला. उबंटूवर उघडलं, मॅकवर उघडलं, विंडोजने दारातूनच परत पाठवलं. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून आत शिरणं मुळातच बंद आहे. ते परत चालू करायची युक्ती सापडते, पण त्या फंदात पडलो नाही. तिघांची तीन खाती केली. लिनक्सवर खातं असलं तरी सांबाचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो, हे मी दर वेळी विसरतो आणि दर वेळी अर्धा तास घालवतो.

खाती झाली तरी बायकोच्या लॅपटॉपवर १२१९ नंबरची एरर. सकाळच्या प्रयोगांतला जुना लॉगिन विंडोजने धरून ठेवला होता, आणि एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडून घेणं त्याला मान्य नाही. जुनी जोडणी तोडली, जमलं. घाईत असाल तर नावाऐवजी आयपी पत्ता टाका, विंडोजला तो दुसराच सर्व्हर वाटतो.

परवानग्यांचं थोडक्यात: तिघांना एका ग्रुपात घातलं, नवी फाइल त्याच ग्रुपाची व्हावी म्हणून ‘फोर्स ग्रुप’ लावला, आणि ग्रुपातल्या सगळ्यांना लिहिता यावं म्हणून फायलींना ०६६४ आणि फोल्डरांना २७७५. हे केलं नाही तर एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला पुसता येत नाही आणि जेवायच्या टेबलावर तक्रारी येतात. विंडोजच्या नेटवर्क खिडकीत पाय आपोआप दिसावा म्हणून डब्ल्यूएसडीडी टाकलं, मॅकसाठी तेच काम करणारं अवाही आधीपासून होतंच.

टीव्हीला जोडलेला जुना मीडिया बॉक्स फक्त एसएमबी १, म्हणजे एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती बोलतो. सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ते मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलंय. एक ओळ बदलली की चालू होतं, बोट कीबोर्डवर गेलंही होतं. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच जुन्या दारातून पसरला होता, ते आठवलं आणि थांबलो. बॉक्सला मिनीडीएलएनए या नुसतं दाखवणाऱ्या सर्व्हरवरून सिनेमे दिले. त्याला लिहायचं काहीच नसतं, नुसतं बघायचं असतं.

रविवारी खरी गंमत. बायको म्हणाली, “अहो, ‘दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो’ दोनदा का दिसतंय?” बघतो तर खरंच, एकाखाली एक, अक्षरन् अक्षर सारखी नावं. एकाच फोल्डरात एकाच नावाची दोन फोल्डरं राहूच कशी शकतात? मला वाटलं शेवटी स्पेस असेल. नव्हती. एकूण २१४ फोल्डरांत अशा १७ जुळ्या जोड्या. ‘पहिल्या वाढदिवसाचे’ एकच, ‘दुसऱ्या’ दोन. ‘गडाच्या पायऱ्या’ दोन, ‘किनाऱ्यावर’ दोन, ‘गणपती’ एकच.

यादी कागदावर उतरवली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: सगळ्या जुळ्यांत ‘ऱ’ आहे! दोन्ही नावं हेक्सडंपमधून काढली, म्हणजे त्यांच्यामागचे बाइट बघितले. एकात ‘ऱ’ तीन बाइटांचा, ई० ए४ बी१. दुसऱ्यात सहा बाइट, ई० ए४ बी० आणि ई० ए४ बीसी, म्हणजे साधा ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता (टिंब). युनिकोडला दोन्ही रूपं समान, डोळ्यांना समान, पण लिनक्सची फाइल सिस्टिम फक्त बाइट बघते.

घोळ माझाच होता. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमच्या डिस्कवर नावं अशी सुटी करून ठेवली जातात. गेल्या वर्षी तिथून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने थेट पायवर फोटो ओढले, ते सुट्या नावांनी आले. शनिवारी बायकोने तेच फोटो विंडोजवरून टाकले, ते जोडलेल्या ‘ऱ’ने आले. या विषयावर जिथे वाचलं तिथे उदाहरण फ्रेंच किंवा जर्मन अक्षरांचं. मराठीत हा खड्डा ‘ऱ’पाशी आहे, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्या, दऱ्या म्हटल्यावर तो चुकवणार कसा?

इलाज कन्व्हएमव्ही या फायलींची नावं बदलणाऱ्या प्रोग्रामने केला. ते आधी नुसतं काय करणार ते दाखवतं, ‘नोटेस्ट’ सांगितल्याशिवाय हात लावत नाही. पण जोडलेल्या नावाचं फोल्डर आधीच असेल तर ते अडून बसतं, म्हणून सतराही जोड्या आधी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) ताडून एकत्र केल्या, सुटी रूपं काढली, मग उरलेल्या सगळ्यावर एनएफसी, म्हणजे युनिकोडचं जोडलेलं रूप, फिरवलं. चार फोटो फक्त मॅककडच्या प्रतीत निघाले, म्हणजे डोळे झाकून एक पुसलं असतं तर गेले असते. यापुढे मॅकवरूनही सांबामधूनच टाकायचं, आरसिंक नाही.

रात्री लेकीने मॅकवरून ‘तिसऱ्या सेमिस्टरच्या नोट्स’ नावाचं फोल्डर टाकलं. पायवर जाऊन ‘ऱ’चे बाइट मोजले. तीनच आहेत.