मागचे पाटे: २२ वरून ९ मिलिमीटर

अखेर माझ्या पिकअपची मागची बाजू, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग, हलायला लागली! रिकामा हौदा घेऊन गतिरोधक ओलांडताना कमरेत जी सणक जायची, ती गेली. पण गेल्या अपडेटमध्ये मांडलेला, एक पाटा काढून स्प्रिंग मऊ करायचा बेत मात्र पार बदललाय.

तिसरा पाटा काढल्यावर काय झालं ते आधी सांगतो. मागची बाजू बसली, बंपस्टॉप (एक्सलची धाव रोखणारा रबरी ठोकळा) आणि एक्सलमधलं अंतर जवळपास निम्मं झालं. क्लच जरा झटक्यात सोडला की एक्सल स्वतःभोवती पिळायचा, पाटा नागमोडी व्हायचा आणि प्रोपेलर शाफ्ट थरथरायचा. मोठ्या खड्ड्यात तर गाडी थेट रबरावर दणकन आपटायची. एवढं सोसूनही बारीक खडीवरचे हादरे जसेच्या तसे! डोकं फिरवलं ते यानं. एक पाटा कमी झाला म्हणजे ताठरपणा घटलाच. मग हादरे कुठून येतायत?

शेवटी टेप घेतली. हौदा हातानं वर उचलायचा, अलगद सोडायचा आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजायचं. मग हौदा खाली दाबून तसाच अलगद सोडायचा आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. माझा फरक २२ मिलिमीटर! म्हणजे गाडी त्या पट्ट्यात कुठेही अडकून उभी राहत होती. पाटे एकमेकांवर इतके घट्ट बसलेले की छोट्या धक्क्याला ते सरकतच नव्हते, सगळा मार टायर झेलत होता. आणि पाटाच हलत नसेल तर शॉकॲब्सॉर्बर बिचारा काय करणार? म्हणून महागडे शॉक टाकायचा विचार तूर्त बासनात.

चेसिस स्टँडवर, एक्सल जॅकवर, मग पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडले. सगळे पाटे मधोमध ओवणाऱ्या सेंटर बोल्टला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळा आणि नंतर थोडेथोडे सैल करा. दाबलेले पाटे उसळतात तेव्हा बोटं वाचत नाहीत. पाटे सुटे झाल्यावर मधून नारिंगी भुकटी सांडली. खालच्या पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्याला टेकतं, तिथे आडवी खाच पडली होती, नख अडकेल एवढी. टोक त्या खाचेत रुतून बसलं होतं, मग सरकणार कसं?

वायर ब्रश इथे कुचकामी, तो गंजालाच चकाकी आणतो. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावली आणि पाट्याच्या लांबीच्या दिशेनंच फिरवली. आडवे ओरखडे म्हणजे तडे जायला आमंत्रण. खाचेच्या कडा उतरवल्या, टोकांच्या धारदार कडा गोल केल्या. खाचा पाट्याच्या खालच्या अंगाला होत्या म्हणून धाडस केलं. भार आल्यावर ओढीचा ताण बसतो तो वरच्या अंगाला. तिकडे ग्राइंडर फिरकूही दिला नाही.

ग्रीस फासा म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. उघड्या पाट्यांवर ग्रीस धूळ धरतं आणि चार पावसाळ्यांत त्याचा पाटे झिजवणारा खरखरीत लेप होतो. मी ग्रॅफाइटचा कोरडा थर दिला आणि टोकांखाली यूएचएमडब्ल्यू (झिजेला दाद न देणाऱ्या, गुळगुळीत पॉलिथिन) प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. तयार मिळणाऱ्या नायलॉनच्या गोल बटणांवर माझा भरवसा नाही, भोकातून निसटतात.

तिसरा पाटा परत आत गेलाय. उंची मूळ जागी आल्यामुळे एलएसपीव्हीच्या (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या झडपेच्या) दांडीला हात लावावा लागला नाही. यू-बोल्ट नवेच घेतले. एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) आणि पाट्याच्या टोकाला असलेल्या डोळ्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले. लटकत्या एक्सलवर आवळले की रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि स्वतःच जादा स्प्रिंगचं काम करतो. पॉलियुरेथेन बुशच्या वाटेला मी जाणार नाही, मऊपणाच हवा असेल तर रबरच बरं.

आता फरक ९ मिलिमीटर. खडीवर टायरचा आवाज येतो, हादरा नाही.

पुढचा बेत शॅकलचा कोन बदलायचा होता. पण हे लिहितानाच सुचलं: पाटा काढण्याऐवजी पातळ का करू नये? ताठरपणा जाडीच्या घनाच्या (तिसऱ्या घाताच्या) प्रमाणात बदलतो. रुंदी-लांबी तीच ठेवून ८ मिलिमीटरच्या जागी ६ मिलिमीटरचा पाटा घातला, तर त्या पाट्याचा ताठरपणा ४२ टक्क्यांवर येतो आणि एक्सलला धरणारा पाटाही जागेवर राहतो. गठ्ठ्याची जाडी भरायला मध्ये दोन मिलिमीटरची पट्टी लागेल, शिवाय कमानीचा बाक वाढवून घ्यावा लागेल, नाहीतर गाडी पुन्हा बसणार. अर्थात भार पेलायची ताकदही घटेल, म्हणजे हौद्यात खच्चून माल भरणं बंद. शॅकल आता नंतर बघू. प्लॅस्टिकच्या पट्ट्या ज्यांनी पावसाचिखलात वापरल्यात, त्यांनी त्या कडेनं सोलल्या जातात का, तेवढं सांगा.