चिंचोक्याची खळ आणि केळीचे सोपट

कला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला 'घर' या विषयावर अर्ध्या इंपिरियल आकारात, म्हणजे साधारण 15 बाय 22 इंचांत, कोलाज करायचे होते. शाळेत मासिकांतले रंगीत तुकडे कापून डोंगर आणि सूर्य चिकटवलेले असल्यामुळे हे काम दोन दिवसांत उरकेल, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात सव्वा महिना लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ चित्र रचण्यात नव्हे, तर कागद वाळताना काय करतो हे पाहण्यात गेला.

पहिला प्रयत्न जळगावच्या खोलीवर झाला. माउंटबोर्डवर बाजारातला पांढरा गोंद पाणी न घालता थापला आणि त्यावर वर्तमानपत्राचे, पतंगाच्या कागदाचे व जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे बसवले. रात्री सपाट दिसणारा बोर्ड सकाळी पन्हळीसारखा वाकला होता. पतंगाच्या कागदाचा गुलाबी रंग उतरून शेजारच्या पत्रिकेवरच्या गणपतीपर्यंत पोहोचला होता, आणि गावच्या घराच्या फोटोची इंकजेट प्रत तर ओळखू येत नव्हती. तेव्हापासून फोटोसाठी मी झेरॉक्सच वापरते, कारण तिची काळी भुकटी पाण्याने पसरत नाही.

बोर्ड वाकण्याचे कारण सरांनी समजावून सांगितले. ओला कागद फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक. मग वाळताना तो आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. म्हणून बोर्डाच्या पाठीलाही तसाच कागद त्याच गोंदाने चिकटवावा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. तंतूंची दिशा ओळखायला वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी फाडून पाहावे. ज्या बाजूने सरळ पट्टी निघते, ती दिशा. फाडण्याचा हा नाद पुढे इतका लागला की कात्री मी जवळजवळ बाजूलाच ठेवली. छापील गुळगुळीत कागद फाडताना ज्या हातातला तुकडा आपल्याकडे ओढावा, त्याच्या कडेला आतला पांढरा गर उघडा पडतो आणि दुसऱ्या तुकड्याची कड छपाईसकट राहते. भिंतीच्या पोपड्यांसाठी मला ती पांढरी कड हवी होती, आणि ती कात्रीने मिळत नाही.

जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराने 1912 मध्ये लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद रेखाचित्रात चिकटवला, हे वर्गात शिकवले होते. ती लाकडाची नक्कल होती. आमच्या चोपडा तालुक्यातल्या घरामागे तर केळीचे खोड प्रत्यक्षच पडलेले असते. मे महिन्यात मी गावी गेले. खोडाचे सोपट, म्हणजे त्याच्यावरचा एकेक थर, सोलून पाहिले, तर आत हवेच्या चौकोनी कप्प्यांची जाळी, अगदी जुन्या खिडकीच्या गजांसारखी. तसेच उन्हात टाकले तर ते गुंडाळले गेले. मग वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून वर पाटा ठेवला आणि कागद रोज बदलले, तेव्हा आठवड्याने ते सपाट झाले. केळीचा चीक मात्र मी कमी लेखला होता. ताज्या सोपटाखाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर तपकिरी डाग पडले आणि ते धुऊनही निघाले नाहीत. (माझा एक दुपट्टाही त्यातच गेला.) डागांचा तो कागद नंतर ओल आलेल्या भिंतीच्या जागी बसला, हे माझे नशीब.

गावात खरी अडचण उन्हाची होती. भर दुपारी पांढरा गोंद ब्रशवरच सुकायचा, आणि कूलर लावला की जमवलेले तुकडे ओसरीभर उडायचे. मी ते गोळा करीत असताना आजीने विचारले, "हाई काय करी राहिनी तू?" आणि उत्तर ऐकून ती चिंचोके घेऊन आली. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या तिने आयुष्यभर केल्या आहेत, त्यामुळे खळीत तिचा हात मुरलेला. चिंचोके भाजून टरफले काढायची, रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायचे आणि पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. ढवळणे थांबले की गुठळ्या होतात. माझ्या पहिल्या खेपेला त्या झाल्याच. ही खळ गोंदापेक्षा सावकाश वाळते, आणि चुकलेला तुकडा ओल्या फडक्याने मऊ करून उचलता येतो. दार मी चार वेळा सरकवले. पांढऱ्या गोंदावर एकदा सुकलेले दार तिथेच राहिले असते.

खळीचे दोष दोन. दुसऱ्या दिवशी ती आंबते आणि तिला कसर लागते. गावातल्या वह्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्यात चिमूटभर मोरचूद घालायला सांगितले. मोरचूद विषारी असल्याने ते भांडे मी स्वयंपाकघरापासून दूर, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवले.

सबमिशनच्या दिवशी बोर्ड सपाट होता. फक्त खिडकीच्या सोपटाचा वरचा कोपरा अर्धा इंच उचलला गेला होता. सरांनी तो बोटाने दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि विचारले, "हे मुद्दाम ठेवलेस का?" मी खरे ते सांगितले. ते हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. घरी आणल्यावर मी त्याखाली खळ लावली नाही. पावसाळी हवेत तो कोपरा आपोआप बसतो आणि थंडीत पुन्हा उचलतो.