हा प्रश्न आहे का?

पुण्यात घरी बसून मी इंग्रजी कादंबऱ्यांचं कॉपी-एडिटिंग करते. परदेशी प्रकाशकांचं असं काम भारतात बरंच येतं. माझ्या वाट्याला बहुतेक रोमँटिक कॉमेडी. मधे कितीही भांडणं होवोत, शेवट गोडच हवा हा या प्रकारातला एकमेव कडक नियम.

गेल्या वर्षी एक ब्रिटिश हस्तलिखित आलं. नाव सांगता येत नाही, करार आहे. नायिका ऑटिस्टिक, कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत छटा जुळवणारी. नायक लेस्टरच्या गुजराती घरातला, लग्नांची केटरिंग करणारा. लेखिका स्वतःही ऑटिस्टिक. आपल्याकडे याला स्वमग्न म्हणतात, आणि या कामानंतर तो शब्द मला खटकायला लागला. समोरच्या माणसाच्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा किंचित जास्त विटलीय हे जिला पहिल्या भेटीत दिसतं, ती स्वतःत मग्न कशी?

फाइलसोबत लेखिकेच्या सूचना होत्या. शंका क्रमांक घालून लेखी पाठवा. फोन नको. प्रश्न असेल तर प्रश्नासारखा विचारा. मला वाटलं, यात काय अवघड आहे!

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, तिची उत्तरं आली.

शंका १४. मी लिहिलं होतं, ‘हा परिच्छेद थोडा लांबलाय का?’ उत्तर: ‘हो.’ परिच्छेद जिथल्या तिथे.

शंका २७. ‘इथला विनोद जरा आधी आला तर कदाचित छान वाटेल.’ उत्तर: ‘हा प्रश्न आहे का?’

शंका ३३. ‘आपली हरकत नसेल तर हे वाक्य पुन्हा एकदा पाहता येईल का?’ उत्तर: ‘पाहिलं.’

आधी हसू आलं, मग राग. चहा झाल्यावर माझ्या सगळ्या शंका एकदा सलग वाचल्या. जरा, कदाचित, शक्य झाल्यास, बघा हं. पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात जन्म काढून स्पष्ट बोलायला मला एका इंग्रज बाईकडून शिकावं लागत होतं.

खरा तडाखा नवव्या प्रकरणात होता. नायक ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून जातो. नायिका घड्याळ लावून पाच मिनिटं थांबते आणि घरी निघून जाते. तो तेविसाव्या मिनिटाला दोन आइस्क्रीम घेऊन येतो. त्या पानावर ती ‘पाच मिनिटं’ तीनदा म्हणते. पुनरुक्ती म्हणून मी दोनदा कापलं होतं. शिवाय प्रसंगाचा शेवट तिच्या निघून जाण्यावर व्हावा, म्हणून वाक्यं खालीवर करून दाखवली होती. लेखिकेने माझ्या प्रत्येक बदलावर ‘स्टेट’ (stet) लिहिलं होतं. हा लॅटिन शब्द. अर्थ ‘राहू दे’. कागदी प्रुफांच्या काळात खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली की तोच निरोप जायचा.

खाली चार ओळी होत्या: ‘तुम्ही वाक्यं हलवल्यावर वाचक तिला हसतात. माझ्या पानावर ते त्याला हसतात. पाच मिनिटं तो म्हणाला. चुकीची माहिती त्याने दिली. आइस्क्रीमही त्याच्याच हातात वितळलं पाहिजे.’

दोन्ही मसुदे मी मोठ्याने वाचून पाहिले. तिचंच बरोबर होतं. नियमपुस्तकाप्रमाणे मीही चुकले नव्हते, पण मी नकळत त्या मुलीला बाहेरून बघत होते. मग या जातीची पुस्तकं मुद्दाम मिळवून वाचली. हेलन होआंगची ‘द किस कोशंट’ (२०१८), जिची तयारी करताना लेखिकेला स्वतःच्याच ऑटिझमचा पत्ता लागला. टालिया हिबर्टची ‘अ‍ॅक्ट युअर एज, ईव्ह ब्राउन’ (२०२१), ज्यात नायक आणि नायिका दोघंही ऑटिस्टिक, त्यामुळे ‘तू विचित्र आहेस’ असं कुणी कुणाला म्हणायचं, हाच घोळ.

एक शंका मात्र मी रात्री बारा वाजता, कंटाळून, आडवळणं न घेता लिहिली होती. नायिकेला नायकाच्या घरातली नात्यांची नावं फार आवडतात, कारण प्रत्येक नात्याला वेगळा शब्द. ती ती पाठच करते. पण नायकाच्या वडिलांची बहीण पुस्तकभर ‘मासी’ होती. शंका १८८: ‘मासी म्हणजे आईची बहीण. वडिलांची बहीण फोई. ४१ ठिकाणी आहे. बदलू?’

उत्तर: ‘हो. सगळीकडे. धन्यवाद. माझ्या नायिकेने ही चूक कधीच केली नसती. मी केली.’

खाली तिचा एक प्रश्न होता, माझ्या भाषेत हे शब्द कोणते? मी क्रमांक घालून यादी पाठवली. आत्या, मावशी, काकू, मामी, दीर, नणंद, साडू, मेव्हणा, प्रत्येकापुढे अर्थ. इंग्रजीत साडूला शब्दच नाही हे लिहिताना जरा छाती फुगली होती.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘क्रमांक ८. बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा, दोघांनाही एकच शब्द दिला आहे. ही चूक आहे का?’

मी लिहिलं, ‘स्टेट.’