लाकडावरची काळी दाढी

माझ्या माशांच्या दोन फुटी टँकच्या मधोमध एक वेडंवाकडं लाकूड आहे. त्यावर अनुबियास आणि जावा फर्न ही पाण्यातली रोपं धरलीत, आणि मुळं इतकी रुतलीत की रोप सुटं करायला गेलं तर लाकडाचा पापुद्रा हातात येईल. यंदा पावसाळ्यात फिल्टरच्या धारेकडच्या टोकावर काळे, आखूड झुपके दिसायला लागले. मासेवाल्या दुकानदारांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ताई, हे जात नाही. लाकूड टाका, दुसरं देतो." मला ते अजिबात पटलं नाही. लाकूड टाकायचं म्हणजे त्यावर वाढलेली सगळी बाग टाकायची. शिवाय मूळ कारण टँकमध्येच राहिलं तर नव्या लाकडावरही हीच दाढी येणार.

या शेवाळाला सगळे बीबीए म्हणतात, म्हणजे ब्लॅक बिअर्ड अल्गी. दिसायला काळं-करडं, पण कूळ लाल शेवाळाचं. खात्री करायची असेल तर चिमट्याने एक झुपका उपटून सर्जिकल स्पिरिटमध्ये टाका. हिरवं रंगद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं, लाल मागे राहतं आणि झुपका लालसर होतो. हे आधी करून बघाच, कारण हिरव्या शेवाळावरचे उपाय इथे चालत नाहीत. टँकमधलं शेवाळ खायला म्हणून आणतात तो सकर मासा याला तोंडही लावत नाही. (सकर लहान टँकसाठी घेऊच नका. तो फूटभर वाढतो, मग लोक त्याला तळ्यात नाहीतर नदीत सोडतात. उजनी धरणाच्या पाण्यात तो जाळ्यात सापडू लागलाय, आणि त्याचा त्रास तिथल्या मच्छीमारांना होतो.)

टूथब्रशने घासणं ही सगळ्यांची पहिली धाव. पाण्यात घासलं की वरचे केस तुटतात, बुडखे लाकडाच्या भेगांत शाबूत राहतात आणि तुकडे टँकभर फिरतात. उकळल्यावर शेवाळ मरतं हे खरं, पण त्यावरची रोपंही मरतात, आणि जुनं लाकूड पुन्हा पुन्हा उकळलं की भुसभुशीत होतं.

मला गुण आला तो हायड्रोजन पेरॉक्साइडचा. इथे एक गोष्ट नीट वाचा. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुधा २० व्हॉल्यूमची असते, म्हणजे साधारण ६ टक्के. आपल्याला हवं ३ टक्के, म्हणून तेवढंच पाणी घालायचं. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नका, आणि हातमोजे घाला, कातडी पांढरी पडून चुरचुरते. लाकूड रोपांसकट बाहेर काढायचं, मुळांवर ओलं फडकं ठेवायचं आणि झुपक्यांवर स्प्रे मारायचा. फसफसून बुडबुडे येतात. पाच मिनिटं थांबून, क्लोरीन काढलेल्या पाण्याने धुऊन लाकूड परत टँकमध्ये. अनुबियासची जाड पानं हे सोसतात. मॉस मात्र सोसत नाही, लाकडावर मॉस असेल तर तिथे थेंबही पडू देऊ नका.

लगेच काही दिसत नाही. मग एक दिवस काळ्याचं गुलाबी होतं, नंतर पांढरट. ते गुलाबी बघून मला झालेला आनंद टँक ठेवणाऱ्यांनाच कळेल! चेरी कोळंब्या जिवंत बीबीएकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण मेलेल्यावर रांगेने चढतात आणि लाकूड कोरून स्वच्छ करतात.

औषधाने आहे ते मरतं, नव्याने येणारं थांबत नाही. ते थांबवायचं तर टँकमधली घाण कमी करायला हवी. लाकूड हळूहळू कुजतच असतं, भेगांत खाण्याचा चुरा आणि माशांची विष्ठा अडकते, आणि त्यावर फिल्टरची धार सतत ताजं पाणी आणून देते. बीबीएला याहून चांगली जागा नाही. म्हणून मी लाइट टायमरवर टाकून सहा तासांवर आणला, खाणं निम्म्यावर आणलं, आणि फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायला लागले. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. लाकडाच्या भेगांतला गाळ दर आठवड्याला पाइपने ओढून घेते. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडला.

जिवंत बीबीए खाणारा मासा हवाच असेल तर सयामी अल्गी ईटर. त्याच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जातो आणि बाकीचे पंख पारदर्शक असतात. पट्टा शेपटीच्या बुडाशीच संपला तर तो दुसराच मासा. पण हाही १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला धावायला लांबी लागते, म्हणून माझ्या ५५ लिटरमध्ये मी त्याला आणणार नाही.

आता अधूनमधून लाकडाच्या वरच्या टोकावर एखादा नवा ठिपका दिसतो. त्यासाठी लाकूड बाहेर काढायची गरज नाही. पाणी बदलताना फिल्टर बंद असतो, पातळी उतरली की ते टोक उघडं पडतं. तेवढ्या वेळात रंगाच्या बारीक ब्रशने त्या ठिपक्यावर पेरॉक्साइड लावायचं, पाच मिनिटं बाकीचा गाळ ओढायचा, मग पाणी भरायचं.